जमा आणि नावे : टाळेबंदीवरील निबंधांविषयी थोडेसे

शाळेत असताना ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध ज्याने लिहिला नाही असा मराठी माणूस विरळा. आपल्या बालाघाटात ज्यांचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले त्यांनी तोच निबंध ‘वरदान या अभिशाप’ या शीर्षकाखाली लिहिला. मजकुरात फारसा फरक नव्हता. साचा ठरलेला असे. आधी फायद्यांचे चार परिच्छेद, मग तोट्यांचे तीन आणि शेवटी प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात असे म्हणून सुटका. गुरुजी दहापैकी सात गुण देत आणि निबंध कोणाच्याही मनाला न लागता संपून जाई.

हा साचा शाळेतच राहिला असता तर तक्रार नव्हती. परंतु २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि लिहित्या हातांना रिकामा वेळ मिळाला, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी नकळत तीच जुनी वही उघडली. ‘टाळेबंदी : शाप की वरदान’ या धर्तीचे लेख दिवाळी अंकांत आले, मंडळांच्या स्मरणिकांत आले, निबंधस्पर्धांत आले. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही. २०२० च्या पावसाळ्यात मी असाच एक लेख लिहिला, तो एका स्मरणिकेत छापून आला आणि चार स्नेह्यांनी तो आवडल्याचे कळवले. आज इतक्या वर्षांनी तो पुन्हा वाचताना जे जाणवले ते सांगणे हा या टिपणाचा हेतू आहे. दुसऱ्यांच्या लेखनावर टीका करण्यापूर्वी स्वतःच्या लेखापासून आरंभ करणे बरे.

त्या लेखातील जमेची बाजू अशी होती. रस्ते शांत झाले. पहाटे पक्ष्यांचे आवाज ऐकू येऊ लागले. पंजाबात जालंधरच्या गच्चीवरून धौलाधारची हिमशिखरे दिसल्याची छायाचित्रे त्या एप्रिलात सर्वांनी पाहिली होती, त्यांचाही उल्लेख मी केला. २८ मार्चपासून दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झाले आणि तीन पिढ्या एका खोलीत बसल्या. पुण्याला आणि बंगळुरूला नोकरी करणारी मुले घरी आली व घरूनच काम करू लागली. विवाह पन्नास माणसांत उरकू लागले, त्यामुळे कर्ज काढून केलेला बडेजाव थांबला. आणि शेवटी, मोठ्या अभिमानाने, असे एक वाक्य होते की घरातील सर्वांनी भांडी-केर-फरशी वाटून घेतली आणि आम्ही स्वावलंबन शिकलो.

यांतील काही नोंदी आजही खऱ्या वाटतात आणि त्या खोडण्याचे कारण नाही. विशेषतः आपल्यासारख्या कुटुंबांच्या दृष्टीने एक लाभ लहान नव्हता. ज्या नातवंडांचे मराठी ‘आजी, पाणी दे’ यापलीकडे जात नसे ती सहा-सात महिने आजीपाशी राहिली. त्यांना आपल्या घरचे शब्द कळले, पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या काळात इकडे कसे आले याच्या कथा कळल्या, मोडी कागदांचे गाठोडे कुठे आहे हेही कळले. एरवी व्याख्यान ऐकायचे तर नागपूर गाठावे लागे. त्या वर्षी पुण्या-मुंबईची व्याख्याने घरबसल्या ऐकता आली. असे लाभ कोणाच्या तोंडचा घास काढून मिळालेले नव्हते. त्यांचा आनंद मानण्यात संकोच नसावा.

अडचण उरलेल्या नोंदींची आहे. आपल्या वाडवडिलांच्या कीर्द-खतावणीत दोन बाजू असत : एक जमा आणि दुसरी नावे. ‘नावे’ हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. रक्कम गेली एवढे म्हणून भागत नसे. ती कोणाच्या नावे पडली हे लिहावे लागे. टाळेबंदीवरील आपल्या निबंधांत जमा आहे, तोटेही आहेत. परंतु नावे नाहीत. ‘गरिबांचे हाल झाले’, ‘मजुरांना त्रास झाला’ अशी वाक्ये येतात आणि त्यांच्यापुढे लगेच ‘तथापि’ येतो. फायदा आणि तोटा जणू एकाच माणसाला झाले, त्याने दोन्ही तराजूत घातले आणि पारडे जवळजवळ समतोल राहिले, असा त्या रचनेचा सूर असतो. प्रत्यक्षात फायदा एका घरात झाला आणि तोटा दुसऱ्या घरात. दोन निराळ्या घरांच्या रकमांची एकत्र बेरीज करून शिल्लक काढणे हे हिशेबाच्या नियमाला धरून नाही.

किंबहुना काही ठिकाणी गोष्ट याहून गंभीर आहे. तीच एक रक्कम एका वहीत जमा आणि दुसऱ्या वहीत नावे पडलेली दिसते. माझे ‘स्वावलंबन’ पाहावे. आमच्याकडे अनेक वर्षे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मार्चच्या अखेरीस आम्ही येऊ नका असे सांगितले. एप्रिलचा पगार पूर्ण दिला. मेचा अर्धा दिला. जूनचा दिला नाही. ‘आता काम नाहीच’ असे मनाशी म्हणून तो विषय संपवला. त्यांचे यजमान त्या वेळी हैदराबादेस बांधकामावर होते व तेथून निघून वाटेत कुठेतरी होते. अर्थात आम्ही जे स्वावलंबन शिकलो त्याचे मोल त्या बाईंच्या वेतनातून गेले होते. शांत रस्त्याचेही तसेच. रस्ता शांत होता, कारण त्यावर फिरणारी भाजीची, चहाची, इस्त्रीची हातगाडी बंद होती. पन्नास माणसांच्या लग्नाने वधूपित्याचा पैसा वाचला. पण ऐन लग्नसराईत आचारी, वाजंत्रीवाले आणि मंडपवाले यांचा वर्षाचा हंगाम बुडाला. ही वाक्ये मला त्या वेळी सुचली नाहीत असे नाही. निबंधाच्या साच्यात त्यांना जागा नव्हती.

लेखनाचा साचा काय लपवतो हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. बालाघाट हा रोजगारासाठी बाहेर जाणाऱ्यांचा जिल्हा. भरवेलीची मँगनीजची खाण आहे, मलाजखंडला तांब्याची आहे, धानाची शेती आहे. तरीही शेतीचा हंगाम सरला की गावेच्या गावे नागपूर, हैदराबाद अशा शहरांकडे निघतात. मार्च-एप्रिल हे मोहफुले वेचण्याचे दिवस आणि त्यापाठोपाठ तेंदूपत्त्याचे. २०२० मध्ये नेमक्या याच दिवसांत सर्व काही ठप्प झाले, आणि परगावी अडकलेली माणसे पायी परतू लागली. त्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यातील एका मजुराने गर्भवती पत्नीला आणि लहान मुलीला हाताने बनवलेल्या लाकडी गाड्यावर बसवून हैदराबादेच्या दिशेने आलेली वाट ओढत तुडवली. ती दृश्ये देशभर दाखवली गेली. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. ते आपल्याच राज्यातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे होते. जालन्याहून ते निघाले होते. गाड्या बंद आहेत असे समजून ते रुळांवर विसावले होते.

पुढे सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत प्रश्न विचारला गेला. उत्तरात एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतल्याचा आकडा होता; वाटेत किती मृत्यू पावले याची माहिती मात्र उपलब्ध नाही असे सांगण्यात आले. सरकारी वहीतही नावांची बाजू कोरीच राहिली, असेच म्हणावे लागेल. जी गोष्ट सरकारी नोंदीत नसते ती साहित्यात असावी अशी अपेक्षा बाळगणे चुकीचे नाही. निबंधाने तेच कोरेपण पुन्हा गिरवले, म्हणून तो अधिक दोषी.

आता भाषेविषयी. टीकाकाराने शब्दांकडे पाहावे, कारण शब्द बहुधा लेखकाच्या आधी खरे बोलतात. ‘टाळेबंदी’ हा शब्द मराठीत नवा नव्हता. संप कामगार करीत आणि टाळेबंदी मालक करीत. गिरण्यांच्या बातम्यांत तो याच अर्थाने येत असे. कुलूप कोण लावतो आणि बाहेर कोण राहतो हे त्या जुन्या अर्थात स्पष्ट होते. २०२० मध्ये तोच शब्द सर्वांना सारखा लागू झाला आणि त्यातील मालक-कामगार हा भेद पुसट झाला. वस्तुस्थितीतून मात्र तो गेला नाही. दुसरा शब्द ‘सामाजिक अंतर’. इंग्रजीचे शब्दशः भाषांतर करताना कोणाच्या ध्यानात आले नाही की आपल्या समाजात सामाजिक अंतर या वस्तूचा तुटवडा कधीच नव्हता. विहिरीपासून स्मशानापर्यंत ते पाळले गेले होते. ‘शारीरिक अंतर’ असा योग्य शब्द काहींनी सुचवला, वापरलाही. पण रूढ झाला तो पहिलाच. जुने सोवळे किती शास्त्रीय होते असे सांगणारे लेख त्याच सुमारास निघाले, हा केवळ योगायोग नसावा.

साथीच्या काळाविषयी याहून वेगळे लिहिता येते काय? येते, आणि त्याचे दाखले आपल्या हाताशी आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. २०२० मधील अनेक निर्बंध याच सव्वाशे वर्षांच्या कायद्याच्या आधाराने घातले गेले होते. त्या काळी बंदोबस्ताची रीत मात्र उलटी होती. २०२० मध्ये माणसांना घरात कोंडले; प्लेगमध्ये घरांतून बाहेर काढले. गावे रिकामी होऊन माळावर झोपड्या उभ्या राहत. पुण्यात सैनिकांनी केलेल्या घरझडत्यांतून जो क्षोभ उसळला तो २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर झालेल्या हल्ल्यापर्यंत गेला, आणि इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनी आपल्याला मुख्यत्वे तोच सांगितला. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात आणले आणि त्या संसर्गातच त्यांचा अंत झाला. एकाच साथीची ही दोन स्मरणे आहेत. पहिल्यात अपमान कोणाचा झाला ते आहे. दुसऱ्यात भार कोणी उचलला ते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तही प्लेगचे दिवस येतात, आणि तेथे शाप-वरदानाचा हिशेब नाही, माणसे आहेत आणि त्यांनी काय केले ते आहे.

परंतु या विषयावर मला सर्वांत बोलकी वाटते ती राजिंदरसिंह बेदी यांची ‘क्वारंटीन’ ही उर्दू कथा. ती देवनागरीतही उपलब्ध असून आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. प्लेगच्या साथीत काम करणारा डॉक्टर ती सांगतो. प्लेगपेक्षा लोकांना क्वारंटीनचे भय अधिक, हे तो आरंभीच ओळखतो. त्याच वस्तीत भागू नावाचा झाडूवाला आहे. डॉक्टर रुग्णांपासून अंतर राखून, हात धूत, जीव सांभाळत काम करतो. भागू त्यांना उचलतो, पाजतो, त्यांची घाण काढतो. त्याची स्वतःची पत्नी साथीत जाते, तरी तो कामावर येतच राहतो. साथ ओसरल्यावर डॉक्टरांचा सत्कार होतो, बढती मिळते, हारतुरे येतात. घरी परतल्यावर अभिनंदनाला उभा असतो तो भागू.

ही कथा काय करते ते पाहावे. क्वारंटीन चांगले की वाईट असा प्रश्नच ती विचारत नाही. डॉक्टर दुष्ट नाही. त्याने कामही केले आहे. कथा फक्त जमा आणि नावे या दोन्ही बाजू एका अंगणात समोरासमोर उभ्या करते, आणि वाचकाला बेरीज करण्याचे धैर्य होत नाही. कथा सांगणारा डॉक्टरच आहे ही बेदींची खरी योजना. ज्याला लाभ झाला त्याच्याच तोंडून, त्याच्याच लाजेतून, ती सांगितली गेली. आपण बहुतेक लेखक त्या डॉक्टरच्याच जागी होतो : पगार चालू, छप्पर पक्के, धान्य कोठीत. तेव्हा आपल्याला भागूच्या वतीने लिहिणे साधणार नाही, हे खरे. पण डॉक्टरच्या जागेवरून प्रामाणिकपणे लिहिणे साधले असते. आपण तेही केले नाही.

याला एक उत्तर दिले जाते की घटना अगदी जवळची होती. साहित्याला अंतर लागते. त्यात तथ्य आहे. लंडनमध्ये १६६५ साली प्लेग झाला आणि त्यावरील डॅनिएल डीफो यांचे प्रसिद्ध पुस्तक १७२२ मध्ये आले. प्लेगच्या वेळी डीफो जेमतेम पाच वर्षांचे होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझात हिंदी कवी निराला यांची पत्नी व अनेक आप्त गेले. त्या दिवसांचे त्यांचे वर्णन ‘कुल्ली भाट’मध्ये वीस वर्षांनी आले. त्या साथीचा घाव आपल्या जुन्या मध्यप्रांतावर फार मोठा होता. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या घटलेली दिसली, याचे ती साथ हे मुख्य कारण. तरी आपल्यापैकी किती घरांत त्या वर्षाची एक ओळ सापडेल? आमच्या घरी वंशावळीत तीन नावांपुढे १९१८ एवढाच आकडा आहे. डीफो यांना कथानक रचण्यासाठी मृत्यूंची जुनी साप्ताहिक पत्रके उपयोगी पडली. म्हणजे कालांतराने साहित्य निर्माण व्हावे यासाठी तत्काळ कोणीतरी नोंद ठेवलेली असावी लागते. निबंधाचा दोष हा की तो नोंदही ठेवत नाही आणि साहित्यही होत नाही.

माझ्या त्या लेखात आणखी एक गोष्ट नव्हती, ती येथे लिहितो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये नव्याने आखली गेली, नागपूर आणि भंडारा तिकडे गेले, बालाघाट इकडे राहिले. आपल्या पिढ्यांनी ती रेषा कधी मनावर घेतली नाही. गोंदिया चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. सासर-माहेर, दवाखाना, लग्नाची खरेदी, सारे तिकडेच. राजेगावपुढचा बाघ नदीचा पूल ओलांडताना राज्य बदलले असे कोणी म्हणत नसे. एप्रिल २०२० मध्ये माझ्या सासूबाई गोंदियात वारल्या. त्यांना कोरोना नव्हता. त्या वृद्ध होत्या. आम्ही परवानगीसाठी अर्ज केला. ती हाती आली तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. सौभाग्यवतीने आईचे अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घेतले, आणि पडदा मधूनच थांबत होता. तीन महिन्यांनी मी तो लेख लिहायला बसलो, तेव्हा ती त्याच खोलीत होती. लेखात मात्र ‘आप्तांची भेट दुरावली, तथापि तंत्रज्ञानाने अंतर मिटवले’ असे वाक्य आहे. ते वाचून ती काही बोलली नाही. मी ते तेव्हा संमती समजलो.

यावरून एवढेच म्हणायचे आहे की हा साचा दुसऱ्याचेच दुःख झाकतो असे नाही. तो स्वतःच्या घरातलेही झाकतो. एप्रिल-मे २०२१ मध्ये दुसरी लाट आली, प्राणवायूसाठी धावपळ झाली, ओळखीचे लोक गेले, आणि फायद्यांचे निबंध एकाएकी बंद पडले. ज्या लेखनप्रकाराला दुःख जवळ येताच गप्प व्हावे लागते त्याच्या समतोलाला काय किंमत द्यावी?

टाळेबंदी आवश्यक होती की नव्हती, किती दिवसांची हवी होती, हा वैद्यकशास्त्राचा आणि राज्यकारभाराचा प्रश्न आहे. त्यावर निवाडा देण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. येथे प्रश्न लेखनाचा आहे. आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी त्या काळाच्या रोजनिशा, पत्रे, फोनमधील छायाचित्रे असतील. त्यांच्या आधारे प्रत्येकाने एक पान लिहावे, अशी विनंती आहे. त्यात शाप आणि वरदान हे दोन्ही शब्द नसावेत. त्या दिवशी घरात कोण होते, कोण येऊ शकले नाही, काय वाचले, काय वाचले नाही, कोणाचे पैसे कोणाकडे राहिले, शाळा सुमारे दीड वर्ष बंद असताना घरातले मूल काय करीत होते आणि अंगणापलीकडचे काय करीत होते, एवढे असले तरी पुरे. लाभ झाला असेल तर तोही निःसंकोच लिहावा. फक्त तो कोणाच्या नावे पडला हे सोबत असावे. पन्नास वर्षांनी कोणी डीफो निघालाच तर त्याला ही पाने उपयोगी पडतील, आणि न निघाला तरी वंशावळीत नुसता आकडा राहणार नाही.

जून महिन्याचा राहिलेला पगार मी यथावकाश त्या बाईंना नेऊन दिला. त्यांना तो आठवत होता. स्मरणिकेतील लेख मात्र आहे तसाच छापलेला आहे आणि तो परत घेता येत नाही. म्हणून हे दुसरे टिपण.